ऱ्हॅप्सडी, धुन-उगम राग आणि दंडार : लोकसंगीताच्या उपयोजनाचा एक विचार

१

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील ‘ऱ्हॅप्सडी’ या रचनाप्रकाराचा उल्लेख मराठी संगीतचर्चेत येतो तो बहुधा ‘स्वैर रचना’ अशा अर्थाने. हा अर्थ चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. मूळ ग्रीक शब्दात ‘शिवणे’ आणि ‘गीत’ ही दोन पदे एकत्र आली आहेत. होमरच्या महाकाव्यातील भाग एकमेकांस जोडून गाणारा वा म्हणणारा जो गायक, तो ‘ऱ्हॅप्सोड’. तेव्हा या शब्दाच्या मुळाशी स्वैरता नसून जोडकाम आहे. निरनिराळ्या वस्त्रांचे तुकडे घेऊन जशी गोधडी शिवावी, तशी ही रचना. तिचे मोल तुकड्यांच्या कसावर अवलंबून असते, तसेच टाक्यांच्या कौशल्यावरही.

एकोणिसाव्या शतकात या शब्दाला वाद्यसंगीतात स्थान मिळाले आणि थोड्याच काळात त्याचा लोकसंगीताशी निकटचा संबंध जडला. फ्रान्झ लिस्ट याच्या एकोणीस ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी’, ड्वोर्झाक याच्या १८७८ मधील तीन ‘स्लाव्हॉनिक ऱ्हॅप्सडी’, जॉर्जे एनेस्कू याच्या १९०१ मधील दोन ‘रुमानियन ऱ्हॅप्सडी’, व्हॉन विल्यम्स याची १९०६ मधील पहिली ‘नॉरफोक ऱ्हॅप्सडी’ ही नावेच हा संबंध सांगतात. प्रत्येक नावात एक प्रदेश आहे. म्हणजे ही रचना श्रोत्याला असे वचन देते की, तिच्यात त्या प्रदेशाचे गाणे ऐकू येईल. ते वचन कितपत पाळले जाते, हा समीक्षेचा विषय आहे.

हिंदुस्थानी संगीतात ऱ्हॅप्सडीला समांतर असा रचनाप्रकार नाही. परंतु ज्या प्रश्नातून ती रचना उद्भवली तो प्रश्न येथेही आहेच. लोकगीताची धून अभिजात कलावंताच्या हाती आली म्हणजे तिचे काय होते? ती टिकते, बदलते की केवळ शोभेपुरती उरते? मराठी भाषिक समाजापुरते पाहिल्यास कुमार गंधर्वांचे ‘धुन-उगम राग’ हा या प्रश्नाला मिळालेला सर्वांत गंभीर प्रतिसाद होय. त्या प्रतिसादाचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा तपासून, भंडारा जिल्ह्यातील कोंढ्यासारख्या गावाच्या परिसरात, म्हणजे झाडीपट्टीत, जे लोकसंगीत अजून गायिले जाते त्याला तो कितपत लागू पडतो, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

लिस्टच्या हंगेरियन ऱ्हॅप्सडींपैकी पहिल्या पंधरा १८५० नंतरच्या दोन-चार वर्षांत प्रसिद्ध झाल्या आणि उरलेल्या चार त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या काळात. त्यांचा ढाचा बहुतेक ठिकाणी द्विदल आहे : प्रथम ‘लाश्शू’ हा संथ, आर्जवी, काहीसा आलापासारखा सुटा भाग; नंतर ‘फ्रिश’ हा उत्तरोत्तर चढत जाणारा द्रुत भाग. हा ढाचा लिस्टने कल्पिलेला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सैन्यभरतीच्या प्रसंगी वाजविल्या जाणाऱ्या ‘व्हेर्बुंकोश’ नामक नृत्यसंगीतातून तो आलेला आहे. येथवर लिस्टने परंपरेशी इमान राखले, असे म्हणावे लागेल.

त्याचा प्रमाद वेगळ्या ठिकाणी आहे. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, हंगेरीचे हे संगीत मुळात जिप्सी लोकांचे. गावोगाव ते वाजविणारे वादक जिप्सी होते. त्यांच्या वादनातील अलंकरण, आवेग आणि वाद्यावरील प्रभुत्व ही त्यांची स्वतःची होती. परंतु ज्या धुना ते वाजवीत त्यांपैकी पुष्कळशा नागर वर्गातील हौशी रचनाकारांच्या होत्या. वाजविणारा आणि निर्माण करणारा यांतील भेद लिस्टने लक्षात घेतला नाही. आणि शेतकऱ्यांचे जे खरे जुने गाणे, ते तर त्याच्या कानावर जवळजवळ आलेच नाही. ज्या देशाचे नाव त्याच्या रचनांवर कोरलेले आहे, त्या देशाच्या खेड्यांतील गाण्याचा थर त्या रचनांत नाही, ही संगीताच्या इतिहासातील एक लक्षणीय विसंगती होय.

ही विसंगती दूर करण्याचे कार्य बेला बार्टोक आणि झोल्तान कोदाय यांनी केले. १९०५-०६ पासून हे दोघे खेड्यापाड्यांतून हिंडू लागले. फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर त्यांनी गाणी मुद्रित केली, ऐकून ऐकून ती लिपिबद्ध केली, त्यांचे वर्गीकरण केले. या परिश्रमांतून हंगेरियन गाण्याचा एक जुना, अर्धस्वरविरहित पंचस्वरी थर उजेडात आला. शिवाय गाण्याच्या दोन चाली त्यांनी स्पष्टपणे वेगळ्या काढल्या : एक बोलण्याच्या लयीने चालणारी, शब्दानुसार ताणली वा आखडली जाणारी, दुसरी पावलाच्या ठेक्याने चालणारी, काटेकोर. हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

१९३१ मधील एका व्याख्यानात बार्टोकने लोकसंगीताच्या उपयोजनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर रचनाकार लोकधून जशीच्या तशी किंवा अल्प फरकाने घेतो आणि तिला साथ व प्रस्तावना जोडतो. दुसऱ्या पायरीवर तो प्रत्यक्ष धून न घेता तिच्यासारखी धून स्वतः रचतो. तिसऱ्या पायरीवर धूनही नसते, तिचे अनुकरणही नसते. पण रचनेच्या सर्वांगात त्या संगीताचे वातावरण भरून राहिलेले असते. त्या वेळी ते संगीत रचनाकाराची मातृभाषा झालेले असते. या पायऱ्या गुणानुक्रमाच्या आहेत असे मात्र समजू नये. उत्तम जोडकाम हेदेखील स्वतंत्र रचनेइतकेच कठीण, असे बार्टोकचे मत होते. आणि १९२८ मध्ये व्हायोलिनसाठी दोन ऱ्हॅप्सडी लिहिताना तो जाणूनबुजून पहिल्या पायरीवर उतरला. खेड्यांतील व्हायोलिनवादकांकडून मिळालेल्या धुना त्याने व्हायोलिनलाच दिल्या आणि लाश्शू-फ्रिश हा जुना ढाचाही राखला. लिस्टचे नाव, लिस्टचा ढाचा. आशय मात्र दुरुस्त केलेला. या दोन रचना म्हणजे लिस्टच्या प्रमादावरील संगीतातूनच केलेली टीका होय, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

ऱ्हॅप्सडीच्या जोडकामात एक अंगभूत धोकाही आहे. एनेस्कूच्या पहिल्या रुमानियन ऱ्हॅप्सडीत एकामागून एक लोकधुना येतात. प्रत्येक धून मागचीहून चपळ, आणि अखेरीस सारा वाद्यवृंद नाचू लागतो. परिणाम निःसंशय मोहक आहे. परंतु कोणत्याही धुनेला स्वतःचे असे आयुष्य लाभत नाही. ती येते, चमकते आणि पुढचीला जागा करून देते. धून आतून वाढत नाही. तिची संख्या वाढते, तिचा वेग वाढतो, तिचा रंग बदलतो. पुढे या एका रचनेच्या लोकप्रियतेखाली आपले इतर गंभीर लेखन झाकोळले गेल्याचे शल्य एनेस्कूला बोचत राहिले, यात नवल नाही.

३

हिंदुस्थानी परंपरेत लोकसंगीताशी असलेले नाते निराळ्या रीतीने मांडले गेले आहे. ‘बृहद्देशी’ या ग्रंथनामातच मतंगाने ‘देशी’ला प्रतिष्ठा दिली. स्त्रिया, बालके, गुराखी आणि राजे आपापल्या प्रदेशात स्वेच्छेने व अनुरागाने जे गातात ते देशी, अशी त्याची भूमिका आहे. या व्याख्येत राजा आणि गुराखी एकाच ओळीत बसले आहेत, हे विशेष. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजाच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानेही मार्ग आणि देशी हा भेद स्वीकारून देशी रागांचे विस्ताराने वर्णन केले. रागांच्या नावांतून मालव, गुर्जरी, सोरठ, बंगाल असे प्रदेश डोकावतात; पहाडी आणि मांड यांची चाल तर आजही आपली जन्मभूमी लपवीत नाही.

म्हणजे येथेही प्रदेशाचे नाव आहे. पण ते रचनेला नसून रागाला आहे, आणि हा फरक मूलगामी आहे. ऱ्हॅप्सडी ही एक पूर्ण झालेली, लिहून संपलेली कृती असते. राग ही कृती नव्हे. ती कृतींची शक्यता होय. लोकधुनेतून राग निर्माण होतो याचा अर्थ असा की, त्या धुनेतील स्वरांचे परस्परसंबंध, त्यांचे वळण, त्यांचे थांबे यांतून एक नियम शोधला जातो आणि त्या नियमाने धुनेत नसलेली असंख्य स्वरवाक्ये उच्चारता येऊ लागतात. ऱ्हॅप्सडी अनेक धुनांना एकत्र बांधते; राग एका धुनेला अनेक करतो.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात जोडकामाची परंपरा नाही असे मात्र नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ (१८८२) नाटकात साकी, दिंडी, लावणीच्या वळणाची पदे आणि रागदारीच्या चाली शेजारी शेजारी नांदतात. ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ घेतला तर ही ‘शिवलेली’ रचनाच आहे. पुढे भास्करबुवा बखले, गोविंदराव टेंबे प्रभृतींच्या हातून नाट्यपदाने रागदारीची वाट अधिक धरली आणि साकी-दिंडी मागे पडल्या. या वाटचालीत जे लाभले ते सर्वांना ठाऊक आहे. जे सुटले त्याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. हे सुटलेले अंग, विशेषतः लोकसंगीताची लय, कुमार गंधर्वांच्या प्रयोगाचे परीक्षण करताना पुन्हा समोर येते.

४

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले आणि मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे शिकलेले कुमार गंधर्व क्षयाच्या आजारामुळे १९४८ च्या प्रारंभी माळव्यात देवासला गेले. काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते. त्या सक्तीच्या मौनात माळव्यातील स्त्रियांची, फिरत्या गायकांची गाणी त्यांच्या कानावर पडत राहिली. त्यांनी ती जमविली, लिहून काढली, त्यांच्यावर चिंतन केले. या चिंतनाचे फळ दुहेरी आहे. एकीकडे माळव्याच्या लोकधुनांचे, तसेच ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ हे ऋतुसंगीताचे कार्यक्रम. दुसरीकडे लोकधुनांतून काढलेले राग. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथाच्या पहिल्या भागातून त्यांच्या बंदिशी आणि हे राग अभ्यासकांपुढे आले. मालवती, संजारी, सहेली तोडी, निंदियारी, अहिमोहिनी, मधसुरजा, लगनगंधार, बीहड भैरव ही त्या ‘धुन-उगम’ रागांतील काही नावे.

या दोन फळांचे स्वरूप भिन्न आहे, आणि समीक्षेने ते एकत्र कालविता कामा नये. ऋतुसंगीताचे कार्यक्रम हे बऱ्याच अंशी ऱ्हॅप्सडीच्या कुळातले आहेत. त्यांत लोकगीत आहे, ख्याल आहे, ठुमरी-टप्प्याच्या अंगाची रचना आहे आणि ऋतूचे सूत्र त्यांना ओवून ठेवते. मात्र एनेस्कूसारखी वेगाची चढण येथे नाही. एका गीतप्रकाराने दुसऱ्याकडे नवीन दृष्टीने पाहावे, लोकगीत ऐकलेल्या कानाने पुढचा ख्याल ऐकावा, अशी ही योजना आहे. टाका येथे नुसता जोडीत नाही. तो अर्थ लावतो.

धुन-उगम राग ही याहून अवघड गोष्ट. लोकधुनेचा आवाका बहुधा चार-पाच स्वरांचा असतो. रागाला मंद्रापासून तारापर्यंत हिंडावे लागते. धुनेत एका ओळीनंतर दुसरी ओळ येते आणि कडवे संपले म्हणजे तेच पुन्हा सुरू होते. रागाला तासभर पुनरुक्तीवाचून बोलावे लागते. तेव्हा धुनेत नसलेले स्वर कोठून आणावयाचे? येथे दोन मार्ग संभवतात. धुनेच्या शेजारचा एखादा प्रस्थापित राग पाहून त्याच्या सामग्रीने रिकाम्या जागा भरणे, हा एक. असे केल्यास राग उभा राहतो, पण तो मिश्र राग होतो आणि विलंबित आलापीत तो हळूहळू शेजाऱ्याच्या घरात शिरतो. दुसरा मार्ग असा की, धुनेतील स्वरसंगतीलाच विचारावे : ‘प’वरून ‘ग’कडे येताना तू ज्या वळणाने येतेस, त्याच वळणाने ‘सां’वरून ‘ध’कडे कशी येशील? हा मार्ग सादृश्याचा आहे. कुमार गंधर्वांच्या या रागांपैकी जे उत्तम आहेत त्यांत हा दुसरा मार्ग दिसतो.

या प्रयोगावर दोन बाजूंनी आक्षेप घेता येतात. शुद्धतेचा आग्रही म्हणेल, हे नवे राग नव्हेत, ही जुन्या अंगांची नवी मिश्रणे होत. या आक्षेपाचे उत्तर शास्त्रार्थाने न देता गायनानेच द्यावे लागते. शेजारच्या रागाची छाया न घेता ज्याची बढत होऊ शकते तो राग; आणि ही कसोटी सर्वच धुन-उगम राग सारख्या यशाने पार पाडतात असे म्हणता येणार नाही. काहींचा विस्तार मध्यलयीच्या बंदिशीत जितका स्वाभाविक वाटतो तितका विलंबितात वाटत नाही. तथापि एवढ्यावरून प्रयोगाला उणेपणा येत नाही. प्रस्थापित रागांतही लहान आवाक्याचे राग आहेतच.

दुसरा आक्षेप लोकसंगीताच्या बाजूने येतो आणि तो अधिक गंभीर आहे. धुनेतून राग काढताना घेतले जाते ते स्वरांचे वळण. पण लोकधून म्हणजे केवळ स्वरांचे वळण नव्हे. ती विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट कामाबरोबर, अनेक कंठांतून गायिली जाते. तिचे शब्द, तिची लय, तिचा समूह आणि तिचा प्रसंग यांपासून तिचा स्वर वेगळा काढता येतो तो केवळ विचारात. अशोक दा. रानडे यांनी ‘लोकसंगीतशास्त्र’ (१९७५) या ग्रंथात लोकसंगीताला स्वतंत्र कोटी मानून त्याच्या स्वतःच्या तत्त्वांनी त्याचा विचार केला आहे. तो स्वीकारला तर ‘लोकधून म्हणजे रागाचे बीज’ ही कल्पना काहीशी एकांगी ठरते. बीजाचे सार्थक झाडात असते. मग झाड उगवल्यावर बीजाचे काय उरते? माळव्यातील स्त्री जे गाते ते तिच्यापुरते पूर्णच असते. त्याला राग होण्याची वाट पाहावी लागत नाही.

कुमार गंधर्वांना या अडचणीची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी बंदिशींत माळवी बोलीचे वळण राखले, शब्द फेकण्याची लोकगायकाची तऱ्हा आपल्या गायकीत आणली, आणि लोकधुना लोकधुना म्हणूनच वेगळ्या कार्यक्रमात गायिल्या. रागात जे मावत नाही ते त्यांनी रागात कोंबले नाही. बार्टोकच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्यांचे श्रेष्ठ कार्य तिसऱ्या पायरीवर आहे : त्यांच्या गळ्यातील परिचित भैरव वा तोडीदेखील माळव्याचे पाणी प्यालेली वाटते. धुन-उगम राग ही त्या मातृभाषेची व्याकरणपुस्तिका आहे. भाषा मात्र त्यांच्या संपूर्ण गाण्यात आहे.

५

आता झाडीपट्टीकडे वळावयाचे. कोंढा हे गाव भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेतीच्या मुलखात आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तरी भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून होणारी झाडीपट्टी सांस्कृतिक दृष्ट्या एकच राहिली आहे. तिची बोलीही आपली वेगळी ओळख राखून आहे : ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘र’ असे तिचे उच्चार आहेत. रोवणीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या, खडी गंमत आणि दंडार असा तिचा गीतसंसार आहे. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते आणि त्या रात्री दंडार वा नाटक ठरलेले असते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि दंडारीचा जो अभ्यास केला, त्यामुळे या सामग्रीला विद्यापीठीय चर्चेत स्थान मिळाले.

या सामग्रीला धुन-उगम रागाची पद्धत लावून पाहिली असता काय आढळते? बार्टोकने केलेला दुहेरी भेद येथे मार्गदर्शक ठरतो. जात्यावरची ओवी ही शब्दाच्या लयीने चालते. घरोट्याचा फेरा तिला आधार देतो. पण ओळ लांबली तर स्वर थांबतो, ओळ तोकडी पडली तर हुंकाराने भरून निघतो. तिच्यातील स्वरांची जा-ये थोडी पण ठाम असते. येथे सादृश्याचा मार्ग चालू शकेल. ओवीतून रागाचे चलन शोधण्याचा प्रयत्न व्यर्थ जाणार नाही.

दंडारीची गोष्ट मात्र निराळी. तिच्यात गाणे पावलाच्या ठेक्याने चालते. म्होरक्याने ओळ टाकावी, झीलकऱ्यांनी ती उचलावी, वाद्याने दोहोंमधील जागा भरावी, असा तिचा व्यवहार आहे. येथे स्वर साधा असतो, कधी कधी तीन-चार स्वरांतच घुटमळणारा. सारे वैभव आहे ते ओळ कोणत्या मात्रेवर उचलली जाते यात, घोळक्याचा आवाज कसा चढतो यात, आणि लयीच्या क्रमशः होणाऱ्या दाटीत. अशा गाण्यातून केवळ स्वरवळण काढून घेतले तर हाती पडते ते टरफल. राग हा एका गायकाचा एकांतातील विस्तार आहे. दंडार हा अनेकांचा परस्परांशी चाललेला संवाद आहे. एकाचे रूपांतर दुसऱ्यात करता येत नाही, हा कोणाचा दोष नव्हे.

उलट, ऱ्हॅप्सडीचा ढाचा दंडारीला अधिक जवळचा आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आरंभीचे संथ नमन, मग प्रसंगागणिक बदलत जाणाऱ्या चाली आणि अखेरची द्रुत लय, हा क्रम लाश्शू-फ्रिशची आठवण करून देतो. झाडीपट्टीच्या नाटकाचेही तसेच. रात्रभर चालणाऱ्या एकाच प्रयोगात नाट्यपदाच्या वळणाचे गाणे, लावणी आणि लोकवळणाची चाल एकमेकांस जोडून येतात. शहरी प्रेक्षक याला भेसळ म्हणतो. परंतु संगीत नाटकाने आपली साकी-दिंडी सोडून दिल्यावर जे जोडकाम शहरात थांबले, ते या रंगभूमीने आपल्या पद्धतीने चालू ठेवले, असेही म्हणता येईल. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ देण्यात आली. मात्र तिच्या संगीताचे स्वतंत्र परीक्षण अजून पुढे जावयाचे आहे.

यावरून कोणी झाडीपट्टीची ऱ्हॅप्सडी रचावयास निघेल तर त्याने लिस्टचे उदाहरण ध्यानात ठेवणे इष्ट. मंडईच्या रात्री जे ऐकू येते ते सर्व त्या भूमीचेच असते असे नाही. त्यांत लावणीची चाल पश्चिमेकडून आलेली असते, चित्रपटाची धून वेष बदलून बसलेली असते, गोंडी नृत्यगीताचा ठेका मराठी शब्दांखाली चालत असतो. वाजविणारा कोण, रचणारा कोण आणि ज्यांच्यापासून चाल आली ते कोण, हे तीन प्रश्न प्रत्येक धुनेला विचारल्यावाचून तिच्यावर प्रदेशाचे नाव घालणे म्हणजे १८५९ चा प्रमाद पुन्हा करणे होय.

संकलनाचीही एक अडचण येथे नमूद केली पाहिजे. भातखंडे वा पलुसकर लिपी रागदारीच्या बंदिशीसाठी घडविली गेली. ती सम दाखविते, खाली दाखविते, पण घोळक्याने ओळ किंचित आधी उचलली हे तिला सांगता येत नाही. शिवाय संकलक शिकलेला असला म्हणजे ‘डोरा’चा ‘डोळा’ करण्याचा मोह त्याला आवरत नाही. हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. ‘र’चा आघात आणि ‘ळ’चा घोळ यांनी स्वराची उठावणी बदलते, बोली शुद्ध केली की चालही थोडी अशुद्ध होते. ध्वनिमुद्रण, बोलीतील यथातथ्य पाठ आणि लयीची सूक्ष्म नोंद ही तिन्ही एकत्र असतील तरच ते संकलन पुढील कलावंताच्या उपयोगी पडेल.

आणि हे काम अनिश्चित काळ थांबू शकणारे नाही. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचे धरण याच पवनी तालुक्यात आहे. त्याच्या जलाशयामुळे अनेक गावांना आपली जागा सोडावी लागली. घर हलविता येते, देऊळ पुन्हा बांधता येते. पण एका आळीतील बायका एका बांधीत रोवणीला उतरतात तेव्हाच जे गाणे उगवते, ते पुनर्वसनाच्या यादीत नसते. समूह विस्कटला की म्होरकी उरते, झील धरणारे उरत नाहीत. एकट्या कंठातून मिळालेली धून संग्रहात येईल. दंडार येणार नाही.

६

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. लोकसंगीताच्या उपयोजनाच्या तीन वाटा दिसतात : जोडण्याची, निष्कर्षणाची आणि आत्मसात करण्याची. लिस्ट आणि एनेस्कू यांच्या ऱ्हॅप्सडी पहिल्या वाटेवर आहेत. त्यांतील पहिल्याचा दोष सामग्रीच्या अज्ञानाचा, दुसऱ्याची मर्यादा रचनेच्या स्वभावाची. बार्टोकने सामग्री शुद्ध करून त्याच वाटेची प्रतिष्ठा वाढविली. कुमार गंधर्वांचे धुन-उगम राग दुसऱ्या वाटेवरील हिंदुस्थानी संगीतातले ठळक उदाहरण होत. धुनेतून नियम शोधण्याची त्यांची रीत पक्की आहे. पण ती स्वरप्रधान, एककंठी गाण्यालाच मानवते. लयप्रधान, समूहगत गाण्याला ती लावणे म्हणजे त्या गाण्याचा प्राण घेऊन त्याचा सांगाडा जतन करणे होय.

म्हणून झाडीपट्टीच्या संगीताकडे पाहताना ‘यातून कोणता राग निघेल?’ हा प्रश्न पहिला असू नये. देवासला जे घडले त्याची नक्कल कोंढ्यात करता येणार नाही, आणि करण्याचे कारणही नाही. माळव्याचे गाणे ऐकताना कुमार गंधर्वांनी प्रथम स्वतःचे गाणे बाजूला ठेवले होते. आजारपणाने त्यांना ते ठेवावयास भाग पाडले, हे खरे, पण त्या मौनाचा उपयोग त्यांनी ऐकण्यासाठी केला. त्यांच्यापासून घ्यावयाचे ते हे ऐकणे. दंडारीचे गाणे दंडारीच्या अटींवर ऐकले गेले, तिच्या झीलकऱ्यांसह आणि तिच्या उच्चारांसह नोंदले गेले, तर त्यातून पुढे राग निघेल, ऱ्हॅप्सडी निघेल किंवा ज्याला अद्याप नाव नाही असा एखादा रचनाप्रकार निघेल. काहीच निघाले नाही, तरीही त्या नोंदीचे मोल कमी होत नाही. कारण मंडईच्या रात्री गायिले जाणारे ते गाणे कोणाच्या तरी रचनेचा कच्चा माल म्हणून जन्मलेले नाही.